असं अभद्र बोलू नये!

दिवेलागणीची वेळ. घरातलं दहा-बारा वर्षांचं मूल गृहपाठाच्या वहीतून मान वर न काढता पुटपुटतं, ‘मला ना, मरावंसं वाटतं.’ यावर पुढचं वाक्य कुठलं येणार, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगता येईल. ‘असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ माझ्या आजीने मला ते ऐकवलंय, मी माझ्या मुलीला ऐकवलंय आणि शिक्षक असताना वर्गातल्या पोरांनाही ऐकवलंय. त्यात माया असते, थोडी भीतीही असते. पोराच्या पदरात मात्र एवढंच पडतं, की हा विषय इथे काढायचा नसतो. ते गप्प होतं. आपण म्हणतो, समजलं बरं का त्याला, आणि देवापुढे दिवा लावायला उठतो.

गंमत अशी (हा शब्द इथे जीभ चावूनच वापरतोय), की एरवी आपली भाषा मरणाने नुसती गजबजलेली आहे. मरणाचं ऊन, मरणाची गर्दी, मर मेल्या, मरायला टेकलो, जीव नकोसा झालाय. ऐंशीच्या घरातली आजी रोज सकाळी ‘पांडुरंगा, सोडव रे बाबा आता’ म्हणते आणि लगेच अर्धा कप चहा जास्तीचा मागते. ऐकून ऐकून कान निबर होतात. मग ज्या पोराला खरंच काही सांगायचंय, त्याने वेगळे शब्द आणायचे कुठून? ते हेच घासून गुळगुळीत झालेले शब्द वापरतं आणि आपण ते नेहमीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. चेष्टेतलं मरण दिवसभर चालतं. खरं बोललं की अभद्र.

मुलांच्या मनातला आत्महत्येचा विचार मोठ्यांना ओळखता येतो का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘फारसा नाही’ असं आहे. आणि हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात ११ ते १७ वयाच्या ५,१३७ मुलांना आणि त्यांच्या पालकांपैकी एकेकाला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले गेले. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मुलांनी ‘जीव द्यावासा वाटला होता’ असं सांगितलं, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या पालकांना याचा पत्ता नव्हता. नुसते मरणाचे विचार येतात असं सांगणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर चारातल्या तीन पालकांना काही माहीत नव्हतं. त्या अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ज्या पालकांनी ‘आमच्या मुलाच्या मनात असं येऊन गेलंय’ म्हणून सांगितलं, त्यांच्याही जवळपास निम्म्या मुलांनी ते नाकारलं. म्हणजे आईबापांना दिसत नाही हे खरं, आणि दिसलेलं मूल कबूल करेलच असं नाही, हेही खरं. एका माणसाच्या नजरेवर विसंबण्यासारखी ही गोष्टच नव्हे.

आणि हे झालं एका छपराखाली राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या आईबापांचं. ज्या मुलांचे आईबाप हाताशी नाहीत त्यांचं काय? आश्रमशाळेतली मुलं, बालगृहातली, निरीक्षणगृहातली, आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेल्यामुळे हंगामी वसतिगृहात राहिलेली. धोका ज्यांना जास्त, त्यांच्याच आसपास त्यांना जवळून बघणारं माणूस कमी असतं.

एक गोष्ट सांगतो. जुनी आहे आणि ओळखीच्या खुणा पुसून सांगतोय.

डोंगरातली एक निवासी आश्रमशाळा. मुलींचा पट दोनशेच्या घरात, त्यांच्यावर स्त्री अधीक्षिका एक. प्रत्येक मुलीची एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात कपड्यांचे दोन जोड, वह्या, आरसा, घरून आलेला खाऊ आणि मुलीला जपायचं असेल ते सगळं. पेटीला छोटं कुलूप आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. वसतिगृहातल्या मुलीच्या मालकीचं या जगात तेवढंच. दिवाळीची सुट्टी पंधरा दिवसांवर आली होती. नववीतल्या एका मुलीने आपल्या रिबिनी, कंपास, नवा कंगवा असं एकेक करत लहान मुलींत वाटून टाकलं. राहिलेला सगळा गृहपाठ पूर्ण करून वह्या जमा केल्या, अक्षरसुद्धा नेटकं. ती आधीपासून अबोल, त्या आठवड्यात तर फारच शांत. मी परिपाठाला तिला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, ‘बघा, वाटून कसं घ्यावं ते हिच्याकडून शिका.’ पोरींनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत उभी होती.

मी तेव्हा सोळा वर्षं नोकरी केलेला शिक्षक होतो. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता आणि त्यात मला चांगले गुण होते.

ओळखलं ते स्वयंपाकघरातल्या कामाठी बाईंनी. खरं म्हणजे त्यांनीही आपणहून ओळखलं नाही, त्यांना एका लहानगीने सांगितलं. त्या मुलीने गळ्यातली किल्ली काढून पाचवीतल्या एका पोरीच्या गळ्यात घातली होती. ती पोर बाईंना विचारायला आली, ‘ताई म्हणते आता लागणार नाही. मग पेटी माझी झाली का?’ बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. संध्याकाळी त्या मुलीला तांदूळ निवडायला बसवलं, शेजारी स्वतः बसल्या आणि थोड्या वेळाने सरळ विचारलं, ‘काय गं, मरायचं हाय का तुझ्या मनात?’

बाई पुढे मला सांगत होत्या, की ती पोर किती तरी वेळ नुसते खडे काढत राहिली. मग ‘हो’ म्हणाली.

बाईंनी ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. ‘का गं’ म्हणाल्या आणि ऐकत राहिल्या. दिवाळीत घरी गेल्यावर तिचं लग्न उरकायचं ठरलं होतं. तेवढंच नव्हतं. आई वारलेली, चुलत्याच्या घरी राहणं, गणितात दोनदा नापास, आणखी काही. रात्री बाईंनी तिला आपल्या शेजारी गोधडी टाकून झोपवलं आणि त्याआधी जाऊन अधीक्षिकेच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आमची बैठक बसली, तीत विचारलेला पहिला प्रश्न अजून माझ्या कानात आहे: ‘बाहेर कुणाला कळलंय का?’ दुसरा विचार, पालकांना बोलवा, लेखी घ्या आणि मुलगी ताब्यात द्या. म्हणजे जिथे जाण्याच्या भीतीने तिला जीव नकोसा झाला, तिथेच तिला पोचवायचं आणि वर सही-अंगठा घेऊन आपण मोकळं व्हायचं. मीही मान डोलावली होती, हे कबूल केलं पाहिजे. घरी पाठवू नका, हे त्या खोलीत आधी बोलल्या त्या कामाठी बाई. दाराशी उभ्या राहून, कारण आत त्यांना खुर्ची नव्हती. पुढे आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनी, ग्रामसेवकांनी धावपळ केली. गावपातळीवर बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते, हे आम्हा शिक्षकांतल्या बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. लग्न टळलं. मुलगी दहावी झाली.

मराठीत ‘ओळखणं’ आणि ‘ओळख असणं’ एकाच धातूतून येतं. एखाद्या मुलात काही बदललंय हे कळायला ते एरवी कसं असतं हे ठाऊक असावं लागतं. हे ठाऊक असणारी माणसं संस्थेत बहुधा पगारपत्रकाच्या तळाशी असतात. ताटात किती उरलं हे वाढणाऱ्या बाईला दिसतं, रात्री कोण जागं असतं हे चौकीदाराला. माझ्याकडे हजेरीपट होता. त्यात ती मुलगी सगळे दिवस हजर होती.

शिवाय आपल्या कौतुकातच एक खोट आहे. गप्प मूल आपल्याला गुणी वाटतं आणि आदळआपट करणारं नाटकी. विदर्भात, मराठवाड्यात ज्या घरातल्या बापाने कर्जापायी जीव दिला, त्या घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला तेराव्याच्या दिवशी पाहुणे म्हणतात, ‘आता तूच घरातला कर्ता.’ तो खरोखर तसा वागू लागतो. खेळायला जात नाही, काही मागत नाही, आईपुढे रडत नाही. गाव म्हणतं, पोरगं किती समजूतदार निघालं. त्याच्या आत काय चाललंय हे विचारायचं कुणालाच सुचत नाही, कारण ते मूल कुणाला त्रास देत नाही. उलट दुसरं एखादं पोर चिडचिडं होतं, मारामाऱ्या करतं, रोज पोट दुखतं म्हणून सांगतं, वसतिगृहातून दोनदा पळून जातं. लहान वयात खिन्नता बरेचदा अशाच रूपात बाहेर येते, रडण्यात नव्हे. त्याच्या वाट्याला शिक्षा येते. हातावर ओरखडे दिसले तर म्हणायचं, ‘लक्ष वेधून घ्यायला करतो.’ करत असेलही. पण लक्ष मिळवायला ज्याला स्वतःचं अंग दुखवावं लागतं, त्याच्याकडे मग लक्ष द्यायला काय हरकत आहे?

बहिऱ्या मुलांचं तर विचारूच नका. घरात कुणाला खुणांची भाषा येत नाही, गावात येत नाही, समुपदेशकालाही येत नाही. ‘जेवलास का’ यापलीकडचं त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्या सरकारी नोंदी या मुलांबद्दल काही बोलत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांत महाराष्ट्र पहिला: १,७६४. परीक्षा, गुण, कोटा, लातूर पॅटर्न यांवर आपण भरपूर बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण याच अहवालांत अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण सगळ्यात वर असतं. मूल आश्रमशाळेतलं होतं की बालगृहातलं, याला रकाना नाही. कारणाच्या रकान्यातही एकच खूण करायची असते आणि ती पोलीस ठाण्यात बसून केली जाते. उद्या वर्तमानपत्रात काय छापून येणार हे त्या एका खुणेवर ठरतं. ‘मोबाइल काढून घेतल्याने’, ‘आई रागावल्याने’, ‘क्षुल्लक कारणावरून’. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत, तरी हे मथळे थांबलेले नाहीत. वाचणाऱ्या पालकाचा मात्र त्याने समज होतो, की ही गोष्ट एका क्षणात आकाशातून कोसळते, आधी काही दिसण्याजोगं नसतंच.

आता, मोठ्यांना दिसत नाही याला नुसतं अज्ञान कारणीभूत आहे असं मला वाटत नाही. दिसू नये अशीही आपण सोय करून ठेवली आहे. माहीत नसण्यात आपल्याकडे सुरक्षितता आहे. मुख्याध्यापकाने एखाद्या मुलीला स्पष्ट विचारलं, तिने सांगितलं, त्याने ते नोंदवलं आणि पुढे काही बरंवाईट झालं, तर चौकशीत पहिला प्रश्न येणार, ‘तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही काय केलंत?’ ज्याने विचारलंच नाही, तो ‘कल्पना नव्हती’ म्हणून सुटतो. त्यात भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) १०७ आणि १०८ या कलमांची, म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या गुन्ह्याची, टांगती तलवार. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचार पुढे आला तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवणं हा गुन्हा. कायदा योग्यच आहे. पण वर्षानुवर्षं पाहिलंय, त्याचा एक उलटा परिणाम असा होतो की माणसं ऐकायलाच कचरतात. कानावर आलंच नाही, तर कळवायचा प्रश्न येत नाही.

पोलिसांच्या भीतीचं म्हणाल, तर ती बरीचशी जुन्या काळातली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायला सांगितलं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. तरीही ‘पोलीस केस होईल’ हे वाक्य शाळांत, दवाखान्यांत आणि घरांत आजही जसंच्या तसं चालू आहे. कायदा बदलला याचा गावात कुणी दवंडी पिटून पत्ता दिलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, आंध्रात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. संसद किंवा विधिमंडळं कायदा करेपर्यंत ती बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि शिक्षक व शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं: मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा, पुढे कुणाकडे पाठवायचं ते. शाळा, महाविद्यालयं, शिकवणी वर्ग, वसतिगृहं सगळी त्यात आली. चांगलं आहे. ‘शिक्षकेतर’ हा शब्द त्यात आहे याचा मला विशेष आनंद आहे.

पण प्रशिक्षणाने काय साधतं याचा एक धडा युरोपातून घेण्यासारखा आहे. दहा देशांतल्या १६८ शाळा, सरासरी पंधरा वर्षांचे अकरा हजारांवर विद्यार्थी. काही शाळांत फक्त शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं. काही शाळांत तज्ज्ञांनी प्रश्नावली भरून घेऊन जोखमीची मुलं हुडकली. काही शाळांत थेट मुलांबरोबरच चार आठवड्यांत मिळून पाचेक तास काम केलं: नाट्य-प्रसंग, चर्चा, मित्र असं बोलला तर काय करायचं, स्वतःला असं वाटलं तर कुणाकडे जायचं. वर्षभराने आत्महत्येचे प्रयत्न, तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांपेक्षा, निम्म्याहून कमी झाले ते या तिसऱ्या प्रकारच्या शाळांत. नुसतं शिक्षकांना शिकवल्याने तसा ठळक फरक पडला नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मला त्यात पाचवीतली ती किल्लीवाली पोर दिसते. मुलं आधी मुलांना सांगतात. त्या पोरीला मोठ्या माणसाकडे जाऊन विचारावंसं वाटलं, आणि जायला एक मोठं माणूस होतं.

म्हणून ‘ओळखा’ या शब्दावरच आपण फार भिस्त ठेवतोय असं मला वाटतं. भिंतीवर लक्षणांचा तक्ता लावला की जबाबदारी संपली, अशी शाळांची समजूत होते. एकटं राहणं, झोप उडणं, वस्तू वाटून टाकणं, अचानक शांत होणं, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असलं बोलणं. तक्ता खोटा नाही. पण बऱ्याच किशोरवयीन मुलांत यातलं काही ना काही कधी तरी दिसतं, आणि ज्याला लपवायचंय ते यातलं काहीच दिसू देत नाही. मास्तरला गुप्तहेर करण्यात अर्थ नाही. त्याला विचारता आलं पाहिजे. शंका आली की सरळ, शब्द न चावता: ‘तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, विचारून उलट मुलाच्या डोक्यात भरवाल! ही भीती मनापासूनची आहे, म्हणून तिचं उत्तर नीट दिलं पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं गेलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. दोन दिवसांनी दोघांची अवस्था तपासली. ज्यांना विचारलं त्यांच्या मनात ते विचार जास्त आले नाहीत, अस्वस्थताही वाढली नाही. जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा पूर्वी प्रयत्न करून चुकली होती, त्यांना तर विचारल्यावर किंचित हलकंच वाटलं. वास्तू तथास्तु म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो माझ्या सहकाऱ्यांचा आहे. खिचडी आम्ही, जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, सतरा ॲपवर माहिती भरायची आम्ही, आता मानसोपचारही आम्हीच का? खरं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला तरी मानसिक आजार असतो, आणि देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. त्यातले किती डोंगरात यायला तयार होतील ते सांगायला नको. पण विचारणं हा उपचार नव्हे. ताप आहे का बघायला हात कपाळावर ठेवायचा असतो. औषध डॉक्टर देतो. आणि डॉक्टर नसलेली माणसं हे करू शकतात याचा दाखला घरचाच आहे. गोव्याच्या ‘संगथ’ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी नैराश्य असलेल्या प्रौढांपर्यंत मदत पोचवली. आधी असे लोक मदत घेत होते शंभरातले जेमतेम चार. दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. तो प्रकल्प मोठ्यांसाठी होता. मुलांसाठी तेवढ्याच हिरिरीने कुणी केलाय, असं माझ्या बघण्यात नाही.

मूल ‘हो’ म्हणालं, तर पुढच्या तासाभरात काय करायचं, हे त्या प्रशिक्षणात सगळ्यात आधी यायला हवं. तक्त्यापेक्षा हे महत्त्वाचं. त्याला एकटं सोडायचं नाही. घाबरल्यासारखं, रागावल्यासारखं दाखवायचं नाही. उपदेश, देवाधर्माच्या शपथा, ‘आईचा तरी विचार कर’ हे सगळं नंतर कधी तरी, किंवा कधीच नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण सांगावं लागणारच आहे. ‘तुला विचारूनच, गरज असेल त्यालाच सांगेन’ एवढं म्हणता येतं. जिवाला धोका होईल असं काही त्याच्या हाताशी राहणार नाही हे बघायचं. मग टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. शिक्षकही स्वतः फोन करून ‘समोर असं मूल बसलंय, काय करू’ म्हणून विचारू शकतो. घरातच धोका असेल, लग्न लावत असतील, कुणी अत्याचार करत असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती. तातडीचं वाटलं तर ११२ किंवा जवळचा दवाखाना, वाट न बघता. आणि पालकांच्या ताब्यात देण्याआधी मुलाला एकट्याला विचारायचं, ‘घरी जायला भीती वाटते का?’ आमच्या बैठकीत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःलाच तसं वाटत असेल, वय काहीही असो, तर तोच १४४१६ तुमच्याहीसाठी आहे. लेख नंतर पुरा करा.)

एवढं केल्यावर ज्याने विचारलं त्याला संरक्षणही मिळालं पाहिजे. माझी मागणी साधी आहे. ज्या शाळेने, ज्या बालगृहाने मुलाला विचारलं, नोंद केली आणि पुढे पाठवलं, त्या संस्थेच्या दप्तरातली ती नोंद तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वाचली जाऊ नये. ज्या संस्थेत दोनशे मुलं आहेत आणि वर्षभरात अशी एकही नोंद नाही, तिला चौकशी अधिकाऱ्याने विचारावं, ‘तुम्ही कुणाला विचारलंच नाही का?’ आज नेमकं उलटं आहे. कोरी नोंदवही ही आपल्याकडे उत्तम व्यवस्थापनाची खूण असते. शेरा पडतो: समाधानकारक.

त्या मुलीच्या प्रसंगानंतर वर्षभराने आमच्या शाळेत एका संस्थेच्या मदतीने ‘किशोरवयीन मुलांचे मानसिक आरोग्य’ या विषयावर एक दिवसाचं शिबिर झालं. प्रोजेक्टर होता, फोल्डर मिळालं, पेन मिळालं. मुख्याध्यापक, आम्ही सगळे शिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका, क्लार्कसुद्धा. तज्ज्ञ मॅडम छान बोलल्या. वस्तू वाटून टाकणं हे एक लक्षण असू शकतं असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी खाली वहीत बघत होतो. साडेअकराला चहा आला. ट्रे घेऊन त्या कामाठी बाईच आल्या होत्या, कारण शिबिराला माणसं चाळीस आणि स्वयंपाकघरात त्या दिवशी त्या एकट्या. पडद्यावर लक्षणांची यादी लावलेली होती. दाराशी क्षणभर थांबून त्यांनी ती वाचायचा प्रयत्न केला. मग कुणीतरी म्हणालं, बाई, इकडे दोन कप कमी पडले.